शिबिरात पॅप नको, असं मी का म्हटलं

महिला दिनाच्या शिबिरासाठी आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाला यंदा एका सभासदाने बऱ्यापैकी रक्कम दिली. लोकमान्य नगरात बैठक झाली, पोहे झाले, चहा झाला. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी दीडशे बायकांची पॅप टेस्ट करून टाकू, असं सगळ्यांचं जवळजवळ ठरलंच होतं. ‘आपल्या कुलकर्णी काकू लॅबमध्येच होत्या, त्या बघतील सगळं,’ असं म्हणून अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, पॅप नको. पोह्यावर शेव भुरभुरवणाऱ्यांचे हातसुद्धा क्षणभर थांबले. जिने तीस वर्षं पॅपच्या काचा रंगवल्या, तीच नको म्हणते!

बैठकीत मला धड सांगता आलं नाही. तिथे तीन जणी एकदम बोलत होत्या आणि एका लॅबचा माणूस ‘फुल बॉडी पॅकेज’चं पत्रक वाटत होता. म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या पॅकेजची वासलात लावते. त्यात ‘कॅन्सर मार्कर’ म्हणून सीए १२५ ही रक्ततपासणी होती आणि सोनोग्राफी होती. गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बायका ज्याला पिशवीचं तोंड म्हणतात त्याच्या कॅन्सरच्या पूर्वखुणा या दोन्हींत दिसत नाहीत. सोनोग्राफीत पिशवीचा आकार दिसेल, गाठी दिसतील. पण आपण शोधतो आहोत त्या पेशी, पृष्ठभागावरच्या, अजून कॅन्सर न झालेल्या. पॅकेजचा विषय संपला.

उरल्या तीन तपासण्या. पॅप, म्हणजे मुखावरच्या पेशी खरवडून काचेवर पसरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. व्हीआयए, म्हणजे मुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि कुठे पांढरा चट्टा उमटतो का ते साध्या डोळ्यांनी पाहायचं. आपल्या घरातला व्हिनेगर असतो, साधारण तसंच. तिसरी एचपीव्ही. हा कॅन्सर जवळपास नेहमी ज्या एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, त्याच्या चौदाएक धोकादायक प्रकारांपैकी एखादा तिथे आहे का, हे यंत्र सांगतं. यात ‘सगळ्यात चांगली कोणती’ असं लोक विचारतात. मी म्हणते, कोणत्या बाईसाठी, ते आधी विचारा.

पॅपबद्दल मला वाईट बोलवत नाही, इतकी वर्षं तिच्यावर घर चाललं. १९८६ मध्ये मी नोकरीला लागले तेव्हा पहिली शिकवण होती की नाव पेन्सिलीने लिही, शाईने लिहिलंस तर अल्कोहोलमध्ये धुऊन जाईल आणि काच बेवारस होईल. दुसरी शिकवण, काच पसरली की लगेच, हवा लागायच्या आत, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडव. सुकली की पेशी फुगतात, आणि फुगलेल्या केंद्रकाकडे बघून रोग आहे की निष्काळजीपणा आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मग हिमॅटॉक्सिलीन, मग नारिंगी, मग हिरवट निळा रंग. नीट जमलं की काचेवर काय दिसायचं! गुलाबी आणि निळसर पेशी, पातळ पाकळ्यांसारख्या. आणि मध्येच एखादी अशी, की जिच्या सुरकुतलेल्या, बेदाण्यासारख्या केंद्रकाभोवती चंद्राला खळं पडावं तसं मोकळं वर्तुळ. ते खळं म्हणजे एचपीव्हीची पाऊलखूण. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून या विषाणूचा सोळावा प्रकार वेगळा काढला, पुढच्या वर्षी अठरावा. हे दोनच प्रकार मिळून सुमारे ७० टक्के कॅन्सर घडवतात. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा मला कळलं, की मी इतकी वर्षं चोराची पावलं बघत होते आणि आता चोरालाच ओळखणारं यंत्र आलं आहे.

पण पॅपची अडचण काचेपेक्षा माणसात आहे. एका काचेवर पेशी हजारोंनी, आणि वाईट असतात त्या कधी पाच-दहा. त्या शोधणाऱ्याचे डोळे सकाळी वेगळे असतात, दुपारी चारला वेगळे. अमेरिकेत कामाचा बोजा इतका वाढला होता, की १९८८ मध्ये त्यांना कायदाच करावा लागला आणि त्याच्या नियमांत घालावं लागलं: एका तंत्रज्ञाने २४ तासांत १००पेक्षा जास्त काचा बघायच्या नाहीत. आमच्याकडे कायदा नव्हता, ‘अर्जंट’ नावाचा शिक्का होता. आणि शिबिराच्या दुसऱ्या दिवशी यायचा तो गठ्ठा! मी जिथे होते तिथलं सांगते, नाव घेत नाही. काचा सुकलेल्या, निम्म्यांवर बॉलपेनने नावं, काहींवर नुसतं रक्त. ‘नमुना तपासण्यायोग्य नाही’ असं लिहून आम्ही परत पाठवायचो. त्या बाईला परत कोणी बोलावलं का, हे आमच्या टेबलापर्यंत कधी आलं नाही. तयार रिपोर्टांची एक पुडकी तर कपाटात पडून राहिली होती, रबरबँड कुजून चिकटेपर्यंत. शिबिराचे फोटो मात्र छापून आले होते.

आता जो मुद्दा मला बैठकीत मांडता आला नाही तो. पॅप एका वेळेला बरेच बिघाड हुकवते, कधी कधी निम्म्यापर्यंत. तरीही श्रीमंत देशांत या तपासणीने गर्भाशयमुखाचा कॅन्सर पार खाली आणला. कसा? दर तीन वर्षांनी बाईला पत्र जायचं आणि ती यायची. या रोगाला विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहा-वीस वर्षं लागतात, त्यामुळे एकदा हुकलं ते पुढच्या खेपेला सापडायचं. तिकडे पॅपने काम केलं ते अशा काचांच्या माळेने. आपल्याकडे माळ कुठे आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या ज्या बायकांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी केली, त्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनसुद्धा नाहीत. आमच्या शिबिरात येणारी बाई पुढच्या वर्षी येईल याची खात्री नाही, तीन वर्षांनी तर सोडाच. ती एकदाच येणार आहे असं धरून चाललं पाहिजे. मग तिच्या हातात अशी तपासणी द्या, जी एकदा केली तरी पुरेशी विश्वासाची आहे.

हे नुसतं माझं मत असतं तर मी गप्प बसले असते. पण हे तपासून पाहिलं गेलं आहे, आणि ते आपल्याच बायकांवर. उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला आता धाराशिव म्हणतात. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये हा अभ्यास सुरू केला. खेड्यांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका भागाला एकदा एचपीव्ही, दुसऱ्याला एकदा पॅप, तिसऱ्याला एकदा व्हीआयए, आणि चौथ्याला नेहमीसारखं, म्हणजे तपासणी नाही. आठ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००९ मध्ये निकाल छापून आला. तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू, एचपीव्हीच्या गटात ३४. जवळजवळ निम्मे. पॅपच्या आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखी घट दिसली नाही. त्याहून बोलका आकडा दुसराच आहे: ज्यांना ‘काही नाही, घरी जा’ असं सांगितलं, त्यांच्यात पुढे आठ वर्षांत किती जणींना कॅन्सर झाला? पॅप निर्दोष आलेल्यांत २२, व्हीआयए निर्दोष आलेल्यांत २५, एचपीव्ही निर्दोष आलेल्यांत ८. तिन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. ‘घरी जा’ या शब्दाची किंमत तिन्ही तपासण्यांत सारखी नाही, ती ही अशी.

त्या चौथ्या गटावर पुष्कळ वाद झाला. बायकांना तपासणीशिवाय ठेवायचं आणि कोण मरतं ते मोजायचं, हे बरोबर होतं का? मला विचाराल तर तो आकडा वाचताना माझ्या घशाशी आलं होतं. चौसष्ट. नाव नाही, गाव नाही. त्या वेळी त्या भागात तपासणीची सोयच नव्हती, हा युक्तिवाद मला कळतो, पटत मात्र अर्धाच. पण झालं ते झालं. उत्तर मिळालं आणि ते जगाने घेतलं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ पासून पॅप सोडून दर पाच वर्षांनी एचपीव्ही तपासणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की पहिली तपासणी एचपीव्हीचीच असावी, तिशीपासून, पाच ते दहा वर्षांच्या अंतराने. इतक्या वेळा जमलं नाही तरी निदान पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत एकदा, एवढं तरी उद्दिष्ट त्यांनी ठेवलं आहे. म्हणजे कळंब-तुळजापूरकडच्या बायकांनी जे दाखवून दिलं, त्यावर मेलबर्नच्या बायका निश्चिंत आहेत. आणि इंदूरच्या मराठी मंडळात अजून ‘पॅप बरी पडते ना स्वस्तात’ असं चाललं आहे.

व्हीआयएची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर लबाडी होईल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्याच लोकांनी दुसरा मोठा अभ्यास केला. तिथे डॉक्टर नाही, नर्स नाही, थोडं शिकवलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या व्हीआयए करत होत्या. बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तमिळनाडूत दिंडिगुलला तर नर्सनी एकाच फेरीत ३५ टक्के घट करून दाखवली, पण तिथे डाग दिसला की गोठवून काढायची सोय तिथल्या तिथे होती. म्हणजे ही तपासणी टाकाऊ नाही. तिला लागतात सततच्या फेऱ्या, कसलेला डोळा आणि लगेच उपचार. सरकारने २०१६ च्या आपल्या आराखड्यात ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सांगितली, तीही याच हिशेबाने: प्रयोगशाळा नको, वीज नको, निकाल मिनिटात. जिथे दुसरं काहीच नाही तिथे मी व्हीआयएच्या बाजूने हात वर करेन. पण पन्नाशीनंतर जिथे बिघाड होतो तो भाग आत सरकतो, वरून दिसेनासा होतो. आमच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या निम्म्या बायका साठीच्या. त्यांच्या बाबतीत डोळा काय बघणार?

पैशांबद्दल खजिनदार म्हणाले ते खरं आहे. एचपीव्ही महाग आहे. दीडशेच्या जागी पन्नासच बायका बसतील त्या रकमेत. मी म्हणते, पन्नासच बसू देत. पण त्या कोणत्या पन्नास, यावरून खरं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमांना येतो आम्ही म्हाताऱ्या. ज्यांच्यासाठी हे आहे त्या पस्तीस ते पंचेचाळीसच्या सुना सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपनीत बसलेल्या असतात, आणि त्याच वयाच्या दुसऱ्या बायका आमच्या घरी भांडी घासत असतात. पहिल्यांना वेळ नाही, दुसऱ्यांना कोणी विचारत नाही. निम्म्या जागा घरकाम करणाऱ्या बायकांना द्या, असं मी सुचवलं तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, ‘त्या येणार नाहीत हो, लाजतात.’ आणि आपण काय लाजत नाही? मी स्वतः या क्षेत्रात असून पन्नाशीपर्यंत त्या टेबलावर चढले नव्हते. ते पाय वर करणं, ते बदकाच्या चोचीसारखं गार उपकरण, पडद्याच्या पलीकडे कोणीतरी फोनवर बोलतंय. बायका दुखण्याला भीत नाहीत, याला भितात.

आणि इथेच एचपीव्हीचा तो गुण आहे, ज्याच्यासाठी मी बाकी सगळं सोडायला तयार आहे. पॅपला मुखावरच्याच पेशी हव्यात, व्हीआयएला मुख दिसायलाच हवं, म्हणजे टेबल आलं आणि दुसरी व्यक्ती आली. एचपीव्हीला विषाणूचा अंश पुरतो आणि तो योनीमार्गातही सापडतो. म्हणून मऊ ब्रश किंवा कापसाची काडी घेऊन बाई स्वतःच नमुना घेऊ शकते, न्हाणीघराचं दार लावून, दोन मिनिटांत. चांगल्या यंत्रावर तो नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या बरोबरीने चालतो. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून प्रत्येक बाईला हा पर्याय आहे. आमच्या इंदुरात ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करायला लावणारी गाडी गाणं वाजवत रोज प्रत्येक दारात येते. एवढ्या मोठ्या शहराच्या सवयी बदलता आल्या, स्वच्छतेत सलग आठ वेळा पहिला नंबर आणता आला. मग दहा वर्षांतून एकदा एक काडी दारापर्यंत नेऊन परत आणणं या शहराला जड जावं, हे मला पटत नाही. यंत्रं नाहीत असं म्हणू नका. कोविडच्या वेळी विषाणूचा अंश ओळखणारी पीसीआर यंत्रं कशी सगळीकडे उभी राहिली ते आपण बघितलं, आणि क्षयरोगासाठी गोव्याच्या कंपनीचं तसंच ट्रूनॅट यंत्र छोट्या केंद्रांपर्यंत पोचलेलं आहे.

एचपीव्हीचा दोष झाकायचा नाही. ती जास्त ओरडते. विषाणू सापडला म्हणजे रोग झाला असं नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. म्हणून तर तिशीच्या आतल्या मुलींची ही तपासणी करायची नाही, उगाच शंभर घरांत रडारड. ज्यांची पॉझिटिव्ह येते त्यांच्यासाठी दुसरी चाळणी लागते. विषाणूचा सोळावा किंवा अठरावा प्रकार असेल तर थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून तपासणी. बाकीच्यांची व्हीआयए किंवा पॅप. हो, पॅप. माझी काच इथे परत येते, पण दुसऱ्या नंबरावर. हजार निरोगी काचांत पाच पेशी शोधण्यापेक्षा पन्नास संशयित काचा निवांत बघणं डोळ्यांनाही झेपतं. म्हणजे ‘पॅप की एचपीव्ही’ असं नसून कोण आधी, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा दोष औषधांच्या पुस्तकात नाही. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, हे एकदा घरात कळलं की पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे चारित्र्याचा दाखला होऊन बसतो. ‘कुठून आणलास?’ हा प्रश्न नवऱ्याने विचारला काय आणि सासूने नजरेने विचारला काय, सारखाच. म्हणून नमुना घ्यायच्या आधीच सांगायला हवं, आणि नवऱ्यालाही समोर बसवून सांगायला हवं: हा विषाणू इतका सर्रास आहे की संबंध आलेल्या बहुतेकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतोच. तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. केव्हा आला आणि कोणाकडून, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. रिपोर्ट बाईच्याच हातात द्या, घरच्या फोनवर पाठवू नका. पॅपच्या रिपोर्टवर नुसतं ‘इन्फ्लमेटरी’, म्हणजे सूज, असं लिहिलेलं असायचं, ते बिचारं निरुपद्रवी, त्यावर गोळ्या देऊन भागवायचे. हे तसं नाही.

मुलींच्या लसीचं बैठकीत कोणीतरी काढलंच. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, नातींना जरूर द्या. पण त्याने आज चाळिशीत असलेल्या सुनेची तपासणी चुकत नाही. आणि ‘माझी पिशवीच काढली आहे’ म्हणणाऱ्यांनी जुना कागद शोधा: मुखासकट काढली असेल आणि कॅन्सरसाठी किंवा त्याच्या पूर्वखुणांसाठी काढलेली नसेल तर सुटलात, पण काही वेळा वरचाच भाग काढतात आणि तोंड जागेवर राहतं. पाळी गेल्यावर रक्त दिसत असेल, संबंधानंतर दिसत असेल, तर मात्र शिबिराची वाट बघायची नाही, रांगेतही उभं राहायचं नाही. सरळ डॉक्टर.

परवा पुन्हा बैठक झाली. पॅकेजवाला आला नव्हता. पन्नासवर सहमती झाली, निम्म्या जागांवर नाही. ती गोष्ट पुढच्या रविवारवर ढकलली आहे. मी एक वही केली आहे आणि तिच्यात उभ्या रेघा मारल्या आहेत: नाव, वय, काडी कधी दिली, रिपोर्ट कधी आला, पॉझिटिव्ह असेल तर कॉल्पोस्कोपीला कोणत्या तारखेला. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवला आहे, ‘सोबत कोण जाणार’. त्यात मंडळाच्या सभासदांची नावं लिहायची आहेत. आतापर्यंत चार जणींनी सह्या केल्यात. त्यांतली एक, ‘त्या लाजतात हो’ म्हणणाऱ्या वहिनी.